‘सी’ भाषेतील सुरक्षित पूर्णांकगणित : संज्ञा, फंक्शने आणि त्यांची परीक्षा

‘सी’ ही संगणकभाषा डेनिस रिची ह्यांनी अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत १९७० नंतरच्या पहिल्या तीन-चार वर्षांत सिद्ध केली. तिच्या आधीची केन थॉम्प्सन ह्यांची ‘बी’ आणि तिच्याही आधीची मार्टिन रिचर्ड्स ह्यांची ‘बीसीपीएल’ ह्या दोन्ही भाषांत प्रकारभेद नव्हता. यंत्राचा एक शब्द हीच त्यांतील एकमेव राशी होय. ‘सी’मध्ये प्रकार आले आणि त्यांबरोबर ‘इंट’, म्हणजे पूर्णांक, हाही प्रकार आला. परंतु ज्या राशीस हे नाव मिळाले ती गणितातील पूर्णांकाची राशी नव्हती. गणितातील पूर्णांकांना अंत नाही. यंत्रातील ३२ बिटांचा चिन्हांकित पूर्णांक मात्र उणे २,१४,७४,८३,६४८ पासून २,१४,७४,८३,६४७ पर्यंतच जातो. ह्या सीमेवर उभ्या असलेल्या संख्येत एक मिळविला असता काय व्हावे, हा प्रश्न भाषेने कसा हाताळला आणि तो टाळण्यासाठी लिहिलेली तथाकथित सुरक्षित फंक्शने कोणत्या कसोट्यांतून गेली, ह्याचा इतिहास बोधप्रद आहे. ह्या सीमोल्लंघनास ‘ओव्हरफ्लो’ म्हणतात. मराठीत तोच शब्द आता रूढ झाल्यामुळे पुढील विवेचनात तो तसाच ठेवला आहे.

प्रथम यंत्राकडे पाहिले पाहिजे. ‘सी’चे बालपण ज्या पीडीपी-११ यंत्रावर गेले, त्या यंत्रास ओव्हरफ्लो कळत नव्हता असे मुळीच नाही. प्रत्येक बेरजेनंतर ते चार स्थितिचिन्हे लावी, आणि त्यांतील एक चिन्ह नेमके ओव्हरफ्लोचे होते. त्यावरून वाट बदलणाऱ्या स्वतंत्र आज्ञाही होत्या. आजच्या इंटेल परंपरेतील यंत्रांतही तेच चिन्ह आहे. म्हणजे बेरीज चुकली हे यंत्रास ठाऊक होते, परंतु ते त्याला विचारण्याचा शब्द भाषेत नव्हता. ही उणीव अनवधानाची म्हणता येत नाही. १९७८ साली ब्रायन कर्निगहॅन आणि डेनिस रिची ह्यांचे ‘सी’वरील पुस्तक प्रसिद्ध झाले, त्या वेळी भाषा पीडीपी-११ खेरीज हनीवेल ६०००, आयबीएम ३७० आणि इंटरडेटा ८/३२ ह्या यंत्रांवर पोहोचली होती. पीडीपी-११ वर ‘इंट’ १६ बिटांचा, हनीवेलवर ३६ बिटांचा, आणि उरलेल्या दोहोंवर ३२ बिटांचा. एकाच शब्दाचे असे तीन अर्थ असताना सीमेवरचे वर्तन एकच एक ठरविणे अवघड होते. ऋण संख्या मांडण्याच्या रीतीही त्या काळी अनेक होत्या. युनिव्हॅकची काही यंत्रे एकाच्या पूरकाची पद्धती वापरीत, तर आयबीएमने १९६४ च्या सिस्टिम/३६० मध्ये दोनाच्या पूरकाची पद्धती घेतली होती.

ह्या ठिकाणी पुस्तकाच्या दोन आवृत्त्यांची तुलना उपयुक्त ठरते. १९७८ च्या आवृत्तीत ओव्हरफ्लोची हाताळणी यंत्राधीन आहे असे म्हटले असून, उपलब्ध असलेले सर्व कंपायलर पूर्णांकांच्या ओव्हरफ्लोकडे दुर्लक्ष करतात अशी नोंद जोडली आहे. १९८८ च्या दुसऱ्या आवृत्तीत तीच हाताळणी भाषेने ठरविलेली नाही असे विधान येते. ‘सर्व’च्या जागी ‘बहुतेक’ येते, आणि ह्या वर्तनाची हमी नाही अशी पुस्तीही जोडली जाते. बदल दोन-तीन शब्दांचाच आहे. पण ‘यंत्राधीन’ ह्या शब्दात उत्तर कोठे तरी आहे, यंत्राच्या पुस्तिकेत पाहिल्यास ते मिळेल, असे आश्वासन होते. ‘ठरविलेली नाही’ ह्यात ते आश्वासन उरत नाही.

ह्या दोन आवृत्त्यांच्या मधल्या काळात, १९८३ साली, अमेरिकन मानक संस्थेची समिती नेमली गेली होती. तिने सिद्ध केलेले मानक १९८९ साली मान्य झाले आणि पुढल्याच वर्षी ते आंतरराष्ट्रीय मानक बनले. समितीने भाषेच्या मोकळ्या जागांसाठी तीन संज्ञा वापरल्या. काही वर्तने ‘अनिर्दिष्ट’ होती, म्हणजे अनेक मान्य पर्यायांपैकी कोणताही चालेल. काही ‘कंपायलरनिर्धारित’ होती, म्हणजे कंपायलरकर्त्याने पर्याय निवडावा आणि तो लिहून ठेवावा. काही ‘अपरिभाषित’ होती, म्हणजे मानक त्यांवर कोणतेही बंधन घालीत नाही. पाणिनीय व्याकरणाच्या अभ्यासकास येथे ‘वा’, ‘विभाषा’ आणि ‘अन्यतरस्याम्’ ह्या विकल्पवाचक शब्दांची आठवण होईल. ह्या तीन शब्दांत सूत्रकाराने तरतमभाव ठेवला होता असा पक्ष पॉल किपार्स्की ह्यांनी १९७९ साली मांडला. परंतु साम्य येथवरच आहे. पाणिनीचे तिन्ही शब्द मान्य रूपांमधील निवडीविषयी बोलतात. ‘अपरिभाषित’ हा शब्द निवडीविषयी बोलतच नाही. चिन्हरहित पूर्णांकांचे गणित दोनाच्या योग्य घाताने भागून उरणाऱ्या बाकीइतके असेल असे मानकाने स्पष्ट सांगितले; चिन्हांकित पूर्णांकांच्या ओव्हरफ्लोला मात्र तिसऱ्या वर्गात टाकले.

‘अपरिभाषित’ ह्या संज्ञेच्या व्याख्येखाली १९८९ च्या मानकात अशा वर्तनाच्या काही तऱ्हा दिल्या होत्या : परिस्थितीकडे पूर्ण दुर्लक्ष करणे, लिखित पद्धतीनुसार वागणे, किंवा काम थांबविणे. त्या तऱ्हांना तेथे ‘अनुज्ञेय’ हे विशेषण होते. १९९९ च्या मानकात हाच मजकूर टीपेत गेला आणि विशेषण ‘संभाव्य’ असे झाले. ह्या एका शब्दामुळे कंपायलरकर्त्यांना मोकळे रान मिळाले, असा आक्षेप अनेकांनी घेतला आहे. आक्षेप आकर्षक असला तरी त्यास फार वजन देता येत नाही. कोणतेही बंधन नाही हे मूळ विधान दोन्ही मानकांत तेच आहे, आणि व्याख्येतील विधानापुढे उदाहरणांची यादी दुय्यम ठरते. खरा बदल शब्दांत झाला नसून वाचकांत झाला. १९८९ साली हा मजकूर वाचणारा कंपायलरकर्ता ‘दुर्लक्ष करणे’ म्हणजे यंत्राला त्याच्या मार्गाने जाऊ देणे असे समजत होता. पुढच्या पिढीतील कंपायलरकर्त्याने त्यावरून निराळे अनुमान काढले : ओव्हरफ्लो होणाऱ्या आज्ञावलीला अर्थच नाही, तेव्हा अर्थपूर्ण आज्ञावलीत तो होत नाही असे धरून चालावे.

ह्या अनुमानाचा परिणाम सर्वांत आधी सुरक्षिततेच्या तपासण्यांवरच झाला. बेरीज सीमेबाहेर गेली काय हे पाहण्याची जुनी रीत अशी : दोन संख्यांची बेरीज करावी, आणि मिळविलेली संख्या धन असूनही बेरीज पहिल्या संख्येहून लहान आली तर ओव्हरफ्लो झाला असे समजावे. चिन्हरहित पूर्णांकांसाठी ही रीत निर्दोष आहे. चिन्हांकित पूर्णांकांसाठी मात्र ती रोग झाल्यावर रोगाची तपासणी करते, आणि कंपायलरच्या मते रोग होऊच शकत नाही. एखाद्या संख्येत १०० मिळविल्यावर ती मूळ संख्येहून मोठी असलीच पाहिजे, म्हणून ती तशी आहे काय हा प्रश्न कंपायलर काढून टाकतो. जानेवारी २००७ मध्ये जीसीसी ह्या कंपायलरच्या दोषनोंदवहीत नेमकी ही तक्रार नोंदली गेली आणि तीवर कडाक्याचा वाद झाला. कंपायलरकर्त्यांचे उत्तर मानकाच्या अक्षराला धरून होते. तक्रारदारांचा आधार तीस वर्षांच्या रूढीचा होता. पुढील वर्षी कार्नेगी मेलन विद्यापीठातील ‘सर्ट’ केंद्राने, काही कंपायलर अशा तपासण्या निमूटपणे गाळतात, अशी सूचना प्रसिद्ध केली. लिनक्सच्या गाभ्याची बांधणी ह्या अनुमानास मनाई करणारा विकल्प देऊन केली जाते, ही गोष्टही येथे लक्षात घेण्याजोगी आहे. एवढ्या मोठ्या आज्ञावलीच्या कर्त्यांनी मानकातील भाषेऐवजी तिची एक बोली पत्करली, असेच म्हणावे लागेल.

वाद शब्दार्थाचा वाटला तरी त्याचे मोल प्रत्यक्ष होते. जून २००२ मध्ये ओपनएसएसएच ह्या दूरप्रवेशाच्या आज्ञावलीत एक दोष उघडकीस आला. समोरच्या बाजूने पाठविलेली प्रतिसादांची संख्या घेऊन, तिला एका निर्देशकाच्या आकाराने गुणून, तेवढी स्मृती मागितली जात असे. निर्देशक चार बाइटांचा असलेल्या यंत्रावर १,०७,३७,४१,८२५ ही संख्या आली तर गुणाकार ३२ बिटांत न मावता केवळ चार उरतो. जागा एका निर्देशकापुरती मिळते आणि लेखन मात्र शतकोटीहून अधिक निर्देशकांच्या हिशेबाने सुरू होते. येथील गुणाकार चिन्हरहित होता, म्हणजे त्याचा अर्थ मानकाने पूर्णपणे ठरविलेला होता. व्याख्या असणे आणि इष्ट असणे ह्या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे ह्या उदाहरणावरून दिसते. त्याच वर्षी सन कंपनीच्या आरपीसी संग्रहातही ह्याच जातीचा दोष सापडला. अशा प्रसंगांसाठी ओपनबीएसडीच्या कर्त्यांनी २०१४ साली गुणाकार तपासूनच स्मृती देणारे ‘रीॲलोकअरे’ हे फंक्शन आणले, आणि २०१७ साली ते जीएनयूच्या मूलभूत संग्रहातही आले.

ह्या चर्चेत एरियान ५ ह्या अग्निबाणाचे उदाहरण हटकून दिले जाते, पण ते बहुधा चुकीच्या अर्थाने. ४ जून १९९६ रोजी तो अग्निबाण चाळीस सेकंदांच्या आसपास नष्ट झाला, तो ६४ बिटांच्या अपूर्णांकी संख्येचे १६ बिटांच्या पूर्णांकात रूपांतर करताना. परंतु ती आज्ञावली ‘सी’मध्ये नसून ‘एडा’मध्ये होती, आणि ‘एडा’ने ओव्हरफ्लो ओळखला होता. ओळखल्यावर काय करावे ह्याचीच तरतूद नव्हती. चौकशी मंडळाच्या अहवालातील खरा उपयोगी तपशील दुसराच आहे. धोका संभवणाऱ्या सात राशींपैकी चारच राशींना संरक्षण दिले होते, कारण संगणकाचा कार्यभार ८० टक्क्यांच्या आत ठेवण्याचे उद्दिष्ट होते. तपासणीला किंमत पडते, आणि ती वाचविण्याच्या हिशेबातच धोका शिरतो. त्याहून अगदी साधे उदाहरण २०१५ चे. बोइंग ७८७ विमानाची जनित्र-नियंत्रक यंत्रणा २४८ दिवस अखंड चालू राहिल्यास तिच्या आतील गणकाचा ओव्हरफ्लो होतो व विद्युत्पुरवठा बंद पडू शकतो, असा आदेश अमेरिकन विमानवाहतूक प्रशासनाने काढला. दोनाचा एकतिसावा घात सेकंदाच्या शतांशांत मोजला असता साडे-अठ्ठेचाळीस दिवस अधिक दोनशे एवढेच होतात.

आता सुरक्षित फंक्शनांच्या रचनेकडे वळता येईल. बेरजेसाठी निर्दोष रीत अशी की, बेरीज करण्यापूर्वीच प्रश्न विचारावा : मिळवावयाची संख्या धन असल्यास, कमाल मर्यादेतून ती वजा करून उरणाऱ्या संख्येहून पहिली संख्या मोठी आहे काय? ऋण असल्यास किमान मर्यादेशी उलट तुलना करावी. ह्या वजाबाकीत ओव्हरफ्लो संभवत नाही, आणि संपूर्ण रीतीचे मर्म एवढेच. दुसरी रीत हेन्री वॉरेन ह्यांच्या २००२ सालच्या ‘हॅकर्स डिलाइट’ ह्या ग्रंथामुळे सर्वपरिचित झाली. तीत बेरीज चिन्हरहित राशींत करून, दोन्ही संख्यांची चिन्हे समान असताना बेरजेचे चिन्ह निराळे आले काय हे पाहतात. तिसरी रीत अधिक रुंद प्रकारात गणित करण्याची. ती सोपी आहे, पण सर्वांत रुंद प्रकारापाशी तिचा उपयोग संपतो.

गुणाकार ह्याहून अवघड आहे. ‘गुणाकार गुण्याहून लहान आला तर ओव्हरफ्लो’ हा बेरजेवरून बेतलेला नियम चिन्हरहित राशींतही चुकतो. ६५,५३७ चा वर्ग ३२ बिटांत १,३१,०७३ असा उरतो, आणि तो मूळ संख्येहून मोठाच आहे. गुणाकारास गुणकाने भागून मूळ संख्या परत मिळते काय हे पाहण्याची रीत चिन्हरहित राशींत बरोबर आहे. चिन्हांकित राशींत, कंपायलरने गुणाकार गुंडाळून दिला असे क्षणभर मानले तरी, किमान संख्या गुणिले उणे एक ह्या जोडीपाशी ती कोसळते. गुंडाळलेला गुणाकार किमान संख्याच येतो, आणि पडताळ्यासाठी त्याला उणे एकाने भागताच इंटेलच्या यंत्रावर भागाकाराचा दोष उद्भवून आज्ञावली बंद पडते. संख्यांचा क्रम उलटला तर हीच तपासणी ओव्हरफ्लो बिनबोभाट ओळखते. म्हणजे गुणाकार क्रमनिरपेक्ष असला तरी त्याची तपासणी तशी असेलच असे नाही, आणि ज्याने एकच क्रम तपासला त्याच्या हाती फसवे समाधान येते.

ह्याच किमान संख्येची आणखी एक गंमत मानकाच्या मजकुरात आहे. भागाकाराची बाकी गणितदृष्ट्या शून्य असूनही, किमान संख्येस उणे एकाने भागून बाकी काढणे २०११ च्या मानकाने स्पष्टपणे अपरिभाषित ठरविले. भागाकारच मावत नसल्यामुळे बाकीलाही अर्थ नाही असे ठरले. ही संख्या भाषेत सरळ लिहिताही येत नाही. ‘सी’त ऋण संख्यांक नाहीत, उणे चिन्ह ही संख्येवरील क्रिया आहे, आणि क्रियेपूर्वीची धन संख्या ‘इंट’मध्ये मावत नाही. म्हणून मर्यादांच्या शीर्षसंचिकेत ती ‘उणे २,१४,७४,८३,६४७ वजा एक’ अशी आडवळणाने लिहिलेली आढळते.

फंक्शनांच्या परीक्षेचा प्रश्न रचनेहून कमी महत्त्वाचा नाही. आठ बिटांच्या राशींसाठी संख्यांच्या सर्व जोड्या ६५,५३६ होतात आणि त्या क्षणात तपासता येतात. सोळा बिटांसाठी त्या ४,२९,४९,६७,२९६ होतात. तेही आजच्या यंत्रास जड नाही. बत्तीस बिटांसाठी मात्र दर सेकंदास शंभर कोटी जोड्या तपासल्या तरी सुमारे ५८५ वर्षे लागतील. तेव्हा आठ बिटांवर संपूर्ण परीक्षा घेऊन तोच साचा रुंद प्रकारांस लावावा, ही युक्ती साहजिक सुचते. परंतु ‘सी’मध्ये ती दगा देते. ‘इंट’हून अरुंद राशी गणितापूर्वी ‘इंट’मध्ये बढती पावतात, म्हणून आठ बिटांच्या बेरजेत मुळात ओव्हरफ्लो होतच नाही; तो होतो परत अरुंद राशीत साठविताना, आणि तेथील नियम निराळे आहेत. आठ बिटांवर उत्तीर्ण झालेला साचा बत्तीस बिटांवर अपरिभाषित ठरू शकतो. त्याच बढतीमुळे सोळा बिटांच्या दोन चिन्हरहित संख्यांचा निरुपद्रवी दिसणारा गुणाकार चिन्हांकित बनतो. ६५,५३५ चा वर्ग ४,२९,४८,३६,२२५ होतो, आणि तो ३२ बिटांच्या चिन्हांकित मर्यादेच्या जवळजवळ दुप्पट आहे. बढती मूल्य राखणारी असावी की चिन्हरहितता राखणारी, ह्यावर १९८९ च्या समितीत मोठा खल झाला होता. समितीने पहिला पक्ष घेतला, आणि हा गुणाकार त्याच निर्णयाचे अपत्य होय.

म्हणून बत्तीस बिटांची परीक्षा सीमास्थळे वेचून घ्यावी लागते : दोन्ही टोके व त्यांच्या शेजारच्या संख्या, उणे एक, शून्य, एक, दोनाचे घात व त्यांचे शेजारी, आणि गुणाकारासाठी ४६,३४० व ४६,३४१ ही जोडी, कारण पहिलीचा वर्ग मर्यादेत मावतो व दुसरीचा मावत नाही. ही सर्व परस्परांशी दोन्ही क्रमांनी जोडावी लागतात. उत्तर पडताळण्यासाठी लागणारे प्रमाण मात्र स्वतंत्र हवे. फंक्शन आणि त्याची परीक्षा एकाच हाताने, एकाच गैरसमजुतीतून लिहिली तर दोहोंचे एकमत होते आणि दोन्ही चुकतात.

ही शंका काल्पनिक नाही, हे २०१२ साली दिसून आले. विल डीट्झ, पेंग ली, जॉन रेगर आणि विक्रम आडवे ह्यांनी चालत्या आज्ञावलीतील प्रत्येक पूर्णांकक्रिया तपासणारे साधन तयार करून त्यावरील निबंध सॉफ्टवेअर अभियांत्रिकीच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत वाचला. त्यांना अपरिभाषित ओव्हरफ्लो आढळले ते एसक्यूलाइट, पोस्टग्रेएसक्यूएल, ओपनएसएसएल, पायथन आणि प्रत्यक्ष जीसीसी ह्यांत तर आढळलेच. पण मायक्रोसॉफ्टमधील डेव्हिड लेब्लांक ह्यांनी ओव्हरफ्लो रोखण्यासाठीच लिहिलेल्या ‘सेफइंट’ ह्या सी++ संग्रहातही ते आढळले, आणि अमर्याद पूर्णांकांच्या गणितासाठी प्रमाण मानल्या जाणाऱ्या जीएमपी संग्रहातही. निबंधाचा दुसरा निष्कर्ष कमी उद्धृत होतो, पण तो अधिक मोलाचा आहे. आज्ञावलीकारांनी जाणूनबुजून केलेले ओव्हरफ्लो, विशेषतः कूटलेखन आणि यादृच्छिक संख्या ह्यांसाठी, समजुतीपेक्षा बरेच अधिक आहेत. म्हणजे हेतू जाणल्याशिवाय दोष ठरविता येत नाही, आणि हेतू सांगण्याची सोय भाषेत नव्हती. ह्या कामातून निघालेली तपासणी पुढे क्लँग ह्या कंपायलरमध्ये सामावली गेली. ह्याच्या आदल्या वर्षी रेगर व त्यांच्या सहकाऱ्यांनी सीस्मिथ हे साधन प्रसिद्ध केले होते. ते यादृच्छिक आज्ञावली रचून कंपायलरांची परीक्षा घेते, आणि त्याने सव्वातीनशेहून अधिक दोष दाखवून दिले. त्याच्या प्रत्येक आज्ञावलीत गणिताच्या क्रिया सुरक्षित फंक्शनांतून होतात, कारण अपरिभाषित आज्ञावलीने कंपायलरचा दोष सिद्ध होत नाही.

ह्यानंतरची वाटचाल थोडक्यात सांगता येते. क्लँगने, आणि २०१५ च्या पाचव्या आवृत्तीपासून जीसीसीने, बेरीज-वजाबाकी-गुणाकाराची अंगभूत तपासणी दिली. यंत्राचे जे स्थितिचिन्ह पीडीपी-११ पासून होते त्याच्यापर्यंत पोहोचण्याचा शब्द अशा रीतीने कंपायलरमार्गे भाषेत आला. ऑक्टोबर २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या नव्या मानकात ही फंक्शने ‘सीकेडी-ॲड’, ‘सीकेडी-सब’ आणि ‘सीकेडी-मुल’ ह्या नावांनी अधिकृत झाली. ती अमर्याद पूर्णांकांत गणित झाल्याप्रमाणे उत्तर काढून दिलेल्या जागी साठवितात, आणि उत्तर मावले नाही तर ‘सत्य’ परत देतात. यश आले असता ‘असत्य’ मिळते. ‘बेरीज झाली काय?’ असे मनात धरून वाचणाऱ्यास हे उलटे वाटेल, आणि त्यातून काही दोष निश्चित जन्मतील. त्याच मानकाने एकाच्या पूरकाची व चिन्ह-परिमाणाची पद्धती रद्द करून दोनाच्या पूरकाची पद्धती एकमेव केली. ह्यावरून चिन्हांकित ओव्हरफ्लोही आता निश्चित झाला असेल असे वाटण्याचा संभव आहे. मांडणीतील विविधता हेच कारण असते तर तसे झालेही असते. परंतु सी++ मध्ये २०१८ साली मांडलेल्या अशाच प्रस्तावातून गुंडाळण्याचे कलम वगळावे लागले, आणि ‘सी’नेही ते घेतले नाही, ओव्हरफ्लो अपरिभाषितच राहिला, कारण त्यावर बेतलेली कंपायलरची अनुमाने दरम्यानच्या काळात भाषेचा उपभोग बनली होती. नव्या तीन फंक्शनांत भागाकार नाही. किमान संख्येस उणे एकाने भागण्यापूर्वीची तपासणी २०२४ नंतरही आज्ञावलीकारास स्वतःच्या हातानेच लिहावी लागते.